नाल्याच्या वाटेवरची डहाळी

मुरपार, ता. १४ मार्च १९३३, मंगळवार

शाळेची रोजनिशी तपासणीला येणाऱ्या डेप्युटीसाहेबांसाठी लिहितो. तीत हजेरी, पाढे आणि कवायत. ही वही माझी. हिच्यात खरं तेच लिहायचं असं ठरवलं आहे, आणि खरं असं की आज मी दिवसभर जळून राहिलो.

मोह गळायला लागला. गोमती पहाटेच टोपली घेऊन गेली. मास्तरच्या बायकोनं मोहफुलं वेचत जंगलात फिरावं हे मला पटत नाही. लग्नाला सहा वर्षं झाली, सहाही वर्षं सांगतो आहे. ती म्हणते, पटलाची सून जाते, मग मी काऊन जाऊ नोको?

बायकांच्या पुढे मंगरू असतो. गावाशेजारच्या टोल्यावरचा, त्या छोट्या वस्तीतला गोंड, माझ्याच वयाचा. त्याचा बापही हेच काम करायचा. पहाटे आधी एकट्यानं जायचं, खोकायचं, काठीनं खोडं वाजवायची, झाडाखाली अस्वल असेल तर त्याला उठून जायला वेळ द्यायचा, मग बायकांना हाक घालायची. जिकडे धोका दिसेल त्या वाटेवर हिरवी डहाळी आडवी टाकून गवताच्या वळानं, पिळलेल्या दोरीनं, दोन्हीकडच्या झुडपांना बांधायची. डहाळी आहे म्हणजे वाट बंद. ज्यानं बांधली त्यानंच पुन्हा पाहून यायचं आणि त्यानंच काढायची, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. डहाळी दिसली नाही की वाट मोकळी, मग कोणी विचारतसुद्धा नाही. या कामाबद्दल घरटी एक टोपली फुलं त्याला मिळतात, आणि मान मिळतो तो वेगळाच.

गोमती आली ती बोलतच आली. अस्वलाला कमी दिसतं, खाण्यात गुंतलं की ऐकूही येत नाही. आपण अगदी अंगावर गेलो की दचकतं, आणि दचकलं की माणसाच्या तोंडावरच येतं. म्हणून बोलत, आवाज करत चालावं. वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ जनावर समजतो, म्हणून चार जणी वेचत असल्या तर एकीनं उभंच राहावं. मंगरूभाऊ म्हनते. मंगरूभाऊनं सांगतलं. दिवेलागणीपर्यंत त्याचं नाव अकरा वेळा घेतलं. मी नॉर्मल पास आहे, मास्तरकीची परीक्षा. सहा वर्षांत माझी एकही गोष्ट तिनं कोणाला दोनदा सांगितल्याचं मला आठवत नाही.

त्याला भाऊ म्हणते. म्हणायला काय लागतं?

ता. १८ मार्च, शनिवार

शनिवारची शाळा कोसमटोल्याला असते. पाच मैल जंगल. गावाबाहेर वाट फुटते. एक नाल्यावरून जाते, ती जवळची. दुसरी तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, तासभर लांब. मी नाल्यावरूनच जातो.

आज निघताना गोमतीनं माझ्या बोचक्याला गुरांच्या गळ्यातली लाकडी घंटा बांधली. हे काय, म्हटलं, तर म्हणे वाजत राहते, राहू द्या. माझा तिळपापड झाला. शिकलेल्या नवऱ्याला बैल ठरवलं! आत्या ओट्यावर बसून तोंडाला पदर लावून हसत होती. धुरपताआत्या माझ्या बापाची बहीण, विधवा, आमच्याच घरी असते, आणि नेहमी गोमतीच्या बाजूनं असते.

गाव दिसेनासं झाल्यावर घंटा काढायला बसलो. एकीवर एक दोन गाठी, काही सुटेनात. नखं दुखायला लागली तेव्हा घंटेच्या तोंडात पानं कोंबली आणि निघालो.

परत येताना मागे पाचोळा वाजला. थांबलो की थांबायचा. तिसऱ्यांदा एकदम वळलो तर मंगरू, खांद्यावर कुऱ्हाड. काय रे, इकडे काय? तर म्हणे, गाय चुकली गुरुजी, पाहून राहिलो.

मंगरूकडे गाय नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे.

ता. २२ मार्च, बुधवार

तिसऱ्या वर्गाला विचारलं, रानात अस्वल दिसलं तर काय करावं? पुस्तकात झाडावर चढा असं आहे. पोरं एका सुरात ओरडली की अस्वल आपल्यापेक्षा चांगलं चढते गुरुजी, मंगरूबापू म्हनते पाठ न दाखवता हळूहळू मागं सरका. सगळ्यांना एकेक छडी दिली. मग वाईट वाटलं. मग वाईट का वाटावं म्हणून राग आला.

घरी येऊन आरशात पाहिलं. मंगरू माझ्यापेक्षा उंच आहे. दात पांढरे आहेत. माझे पानानं गेले.

ता. २५ मार्च, शनिवार

पहाटे परसात गेलो तर कुंपणाशी गोमती आणि मंगरू. ती हळू आवाजात काही समजावत होती, तो मान हलवत होता. तिनं पळसाच्या पानात बांधलेलं काहीतरी त्याला दिलं. मी खाकरलो तसा तो गेला.

विचारलं. ती म्हणाली, भाकर होती. त्याले दूर जा लागते आज.

कुठं जा लागते? तर चुलीकडे तोंड करून म्हणाली, जंगलात.

माझ्या बोचक्यात भाकर बांधताना हिचे हात कधी एवढे हळू चालले नाहीत. घंटा मात्र पुन्हा बांधून ठेवली होती, यावेळीही दोन गाठी मारून. मी पुन्हा पानं कोंबली. येताना पुन्हा मागे पाचोळा. मी वळून पाहिलं नाही. पाहायची भीती वाटली हे खरं. कुऱ्हाडीची नव्हे. तो आपल्याला हसत असेल तर ते दिसेल, याची.

ता. २९ मार्च, बुधवार

आज शाळा उशिरा उघडली. पहाटे त्यांच्या मागे गेलो होतो, ही गोष्ट फक्त या वहीला सांगतो.

तलावाच्या पाळीखाली बाकीच्या बायका वेचत होत्या. गोमती वेगळी, मंगरूसोबत, एका डहाळीपाशी. तो गवताचा वळ करून दाखवत होता, ती त्याच्यासारखं करत होती. चुकलं की तो सोडायचा, ती पुन्हा बांधायची. एकदा जमलं तेव्हा तिनं डहाळी ओढून पाहिली, आणि गाठ हलली नाही तेव्हा हसली. तसं हसणं मी घरात पाहिलेलं नाही. पाहिलं असेल तर विसरलो.

दुपारी आत्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. ती म्हणाली, मंगरू म्हनते बायांपैकी एकीले तरी वाटा बंद करता आल्या पायजे, मी उद्या जगतो का मरतो. साऱ्यांत गोमतीचेच हात चांगले. मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुह्या पोटात काऊन दुखून राहिलं?"

मी म्हटलं, कुठं काय.

ता. ३१ मार्च, शुक्रवार

गोमती आज दुपार कलल्यावर आली. बोटं गवतानं चिरलेली. म्हणाली, नाल्याकडे पिलांवाली अस्वलीन दिसली, उद्या आमी पाळीकडे जाऊन राहिलो. तुमीही उद्या पाळीवरून जा. मंगरूभाऊनंही तेच सांगतलं तुमाले सांगाले.

म्हणजे आता मी कोणत्या वाटेनं चालायचं तेही मंगरू ठरवणार.

संध्याकाळी उठलो आणि नाल्याच्या वाटेला गेलो. फाट्यावर हिरवी डहाळी आडवी बांधलेली. ओलांडून वीस-पंचवीस पावलं आत गेलो. मोहाखाली फुलांचा सडा, कोणी वेचलेला नाही. अस्वल नाही, पिल्लं नाहीत, काही नाही. उभा राहिलो आणि सगळं लख्ख कळलं असं वाटलं. हा माणूस गावाला भीती घालतो आणि त्या भीतीवर मान खातो. बायका त्याच्या तोंडाकडे पाहतात, माझीही पाहते. मी उद्या याच वाटेनं कोसमटोल्याला जाणार, धडधाकट परत येणार, आणि चावडीवर सांगणार की तुमच्या मंगरूनं बंद केलेल्या वाटेनं मास्तर जाऊन आला. पाहू मग अकरा वेळा कोणाचं नाव निघतं.

परत येताना डहाळी काढायला गेलो. गाठ सुटेना. दात लावले तरी सुटेना. शेवटी जोड्यानं हाणलं, झुडूपच मोडलं, आणि डहाळी गाठींसकट झाडीत फेकून दिली. हलकं वाटलं. घरी येऊन दोन मुठी भात जास्त खाल्ला. गोमतीला बरं वाटलं.

ता. १ एप्रिल

घडलं तसं लिहितो.

बायका पाळीकडेच निघाल्या होत्या. मंगरू अंधारातच पुढे जाऊन पाळीकडची झाडं वाजवत होता. फाट्यावर बायकांनी पाहिलं, नाल्याची वाट मोकळी. गोमती म्हणाली, भाऊनं पुन्हा पाहून खोलली असन, तिकडे फुलं लय आहेत, चला. ती सगळ्यांच्या पुढे होती.

मंगरू हाक घालायला फाट्याकडे परत आला तर बायका नाहीत. तो ओरडत नाल्याकडे धावला. अस्वलीण तोवर उठली होती, गोमतीपासून दहा हातांवर, पिल्लं मागे. मंगरू मध्ये शिरला. बायकांनी टोपल्या वाजवल्या, ओरडल्या, तेव्हा ती गेली. मंगरूचा डावा डोळा गेला. गाल गेला. हाड दिसत होतं असं आत्या म्हणते.

मी जोडे घालत होतो तेव्हा आरडाओरड ऐकली. गोमती दारात आली ती रक्तानं भिजलेली. मी तिचे हात, मान, तोंड चाचपत राहिलो. ती म्हणाली, माझं नाही हे. त्याचं आहे.

गावचा पाटील चुन्नीलाल पटल, त्याच्या गाडीत घालून मंगरूला गोंदियाच्या दवाखान्यात नेलं. गोमती गाडीमागं शिवेपर्यंत पळाली.

कोसमटोल्याची शाळा भरली नाही.

ता. ३ एप्रिल, सोमवार

गाडीत मंगरू शुद्धीवर आला तेव्हा पटलानं विचारलं, डहाळीचं काय झालं? तो म्हणाला, मीच काढली, चुकलो. आज चावडीवर पटलानं हेच सांगितलं. कोणी म्हणालं, मोहाची घेतली असेल. कोणी म्हणालं, मान डोक्यात गेला होता. ठरलं असं की आता हे काम त्याच्या घराकडे राहणार नाही. बापाच्या वेळेपासूनचं काम, पानसुपारी संपायच्या आत गेलं.

मी तिथंच होतो. मास्तर म्हणून मला सतरंजीवर जागा दिली होती. मंगरूचं नाव खाली यावं म्हणून तीन आठवडे जीव टाकत होतो, आणि ते माझ्या डोळ्यांदेखत खाली आलं. खरं सांगायचं सोडून पाणी मागितलं, तेही कोणाला ऐकू गेलं नाही.

घरी गोमती चुलीपाशी बसून होती, चूल पेटलेली नव्हती. म्हणाली, "भाऊ खोटं बोलून राहिला. त्यानं नाही काढली. ती डहाळी मी बांधली होती, माझी पयली, पाहून खोलाचं तेवढं त्याच्याकडं होतं. माझीच गाठ सैल बसली. माझ्यासाठी त्यानं आपलं नाव घालवलं."

माझ्यासाठी, म्हणाली. आणि मेल्या मनात तेवढ्यातही कळ उठली. तो तिच्यासाठी डोळा देतो, नाव देतो. मी काय दिलं? हा हिशेब डोक्यात येईपर्यंत ती बोटं पाहत बसली होती. चिरलेली बोटं. शुक्रवारी ती मला दिसली होती, आणि मी विचारलं नव्हतं.

गाठ सैल नव्हती. माझे दात अजून दुखतात. हे एक वाक्य सांगायला किती वेळ लागतो? मी कंदील विझवला आणि भिंतीकडे तोंड करून पडलो.

ता. ८ एप्रिल, शनिवार

अंगात कणकण आहे असं सांगून कोसमटोल्याला गेलो नाही. कणकण नव्हती.

गोमती मोह वेचायला जात नाही. बायका बोलावतात, ती म्हणते, माझ्या हातावर भरवसा नोको ठेवू. दिवसभर गवत घेऊन बसते, वळ करते, गाठ मारते, ओढून पाहते, सुटत नाही, तरी पुन्हा मारते. आत्या मला म्हणाली, ही पोरगी अशानं वेडी होईल, तू नवरा आहेस का खांब?

ता. १२ एप्रिल, बुधवार

मंगरू काल परत आला. आज शाळा सुटल्यावर टोल्यावर गेलो, एकटाच. तो अंगणात खाटेवर होता, अर्धं तोंड पट्टीत. त्याच्या बायकोनं मला बसायला पाट दिला. मी उभाच राहिलो. पाठ केलं होतं, सगळं विसरलो. म्हटलं, डहाळी मी फेकली.

तो एका डोळ्यानं पाहत राहिला. म्हणाला, "मालूम आहे, गुरुजी. नाल मारलेले जोडे गावात एकाच मानसाचे आहेत. फाट्यावरच त्याचे ठसे दिसले, झुडपात गेलेले आन् परत आलेले."

म्हणजे पळता पळता त्यानं ते वाचलं होतं. मी विचारलं, मग काऊन सांगितलं नाहीस?

"मी सांगतलं असतं तं बाईचं घर मोडलं असतं. तुमी सांगान तं कदाचित नाही मोडनार. म्हनून वाट पाहून राहिलो."

मी खाली बसलो. तो थांबून थांबून बोलत होता, गाल ओढला जात होता. पट्टीवर माशी बसली ती त्याच्या बायकोनं पदरानं हाकलली. मग त्यानं आणखी एक गोष्ट सांगितली, मी न विचारता. फागुनात गोमती त्याच्याकडे गेली होती. म्हणाली होती, माझा मालक मान खाली घालून चालते, आवाज करत नाही, वाट पाहत नाही, डोक्यात पुस्तक असते. शनवारी त्याच्या मागं राहजो भाऊ, पन त्याले दिसू नोको, त्याले कमीपना वाटन. घंटा तिनंच शोधून आणली होती. पळसाच्या पानातली भाकर त्यासाठीच होती. गाय चुकली नव्हती.

"घंटेत पाला नोको कोंबू गुरुजी," मंगरू म्हणाला. "दुरून आयकू नाही येत मग मले."

ता. १३ एप्रिल, गुरुवार

चावडीवर सांगितलं. पटलाला आधीच म्हटलं की बायांनाही बोलवा, गोमतीला बोलवा. उभं राहून सांगितलं, दात लावल्याचंसुद्धा सांगितलं. गाठ सैल नव्हती, हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा तिच्याकडे पाहून.

चुन्नीलाल पटलानं तोंडातलं पान थुंकलं आणि एवढंच म्हणाला की काम मंगरूच्या घराकडेच राहील, तो बरा होईपर्यंत त्याचा भाऊ पाहील. बायका उठल्या. आत्या माझ्याजवळून गेली ती पदर सावरून, मी वाटेत पडलेली वस्तू असल्यासारखी. गोमती शेवटी उठली. मला वाटलं, रडेल किंवा बोलेल. तिनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि निघून गेली. टोल्याच्या वाटेनं.

आजही जळलो. लिहायचं खरं असं ठरवलं आहे म्हणून लिहितो. ती आधी त्याच्याकडे गेली आणि मी जळलो. पण आज त्याच्यावर नाही. तिला असं आधी कोणाकडे तरी जाता येतं, मला नाही, याच्यावर.

ता. १५ एप्रिल, शनिवार

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट वाढते, पाणी ठेवते, उठते. आज मला जाग आली तेव्हा अंथरुणात नव्हती. उजाडल्यावर आली, लुगड्याला कुसळं, पाय दवानं ओले. कुठं गेली होतीस, विचारायचं तोंड माझ्याजवळ राहिलेलं नाही. मन मात्र टोल्याकडे जाऊन आलंच.

बोचकं मीच बांधलं. घंटा खुंटीला होती, ती मीच बांधली. गाठ सुटली. पुन्हा बांधली, पुन्हा सुटली. ती उंबऱ्यावर बसून तांदूळ निवडत होती, माझ्याकडे पाहत होती, उठली नाही. तिसऱ्यांदा मी घंटा हातातच घेतली आणि वाजवत निघालो. गल्लीत पोरं हसली. हसू द्या म्हटलं.

फाट्यावर आलो. नाल्याच्या वाटेवर डहाळी आडवी, पानांवर दव तसंच. पहिलं मनात आलं ते मंगरूचंच नाव, जुनी खोड. पण मंगरू खाटेवर आहे, आणि त्याचा भाऊ कालपासून पटलाच्या गाडीवर गोंदियाला गेला आहे.

वाकून गाठ पाहिली. हात लावला नाही. दोन गाठी, एकीवर एक. अशी गाठ माझ्या बोचक्यावर दोन शनिवार होती, आणि मी ती नखांनी ओरबाडली होती.

मग घंटा वाजवत पाळीच्या वाटेनं गेलो. कोसमटोल्याची शाळा आज तासभर उशिरा भरली.